उतरंडीतलं खालचं मडकं

गट क्रमांक माहीत असेल तर सातबारा काढायला वेळ लागत नाही. गाव सांगा, गट सांगा, उतारा घ्या. पण 'आमच्या आजोबांच्या नावावर या गावात कुठंकुठं जमीन आहे?' असं विचारलं, की सातबाऱ्यांचा गठ्ठा काही कामाचा नाही. तो गटांच्या क्रमानं लावलेला आहे, माणसांच्या नव्हे. पान न् पान उलटत नाव शोधावं लागेल. ती वेळ येऊ नये म्हणून महसूल खातं गाव नमुना आठ-अ ठेवतं. त्यात खाते क्रमांक असतो आणि त्याखाली त्या खातेदाराचे गावातले सगळे गट. जमीन तीच, माहिती बरीचशी तीच, लावणी तेवढी वेगळी. जमीन विकली गेली तर आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद पडते. मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात, मग सातबारा बदलतो आणि त्यापाठोपाठ आठ-अही बदलावा लागतो. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव खोडत नसत, त्याला कंस करत.

सातबारा हे मूळ टेबल, आठ-अ हा त्यावरचा दुय्यम इंडेक्स आणि नमुना सहा ही बदलांची रोजवही. कंस म्हणजे आजच्या अनेक डेटाबेसमधला 'टूमस्टोन': नोंद पुसायची नाही, ती मेली अशी दुसरी नोंद करायची. सातबारा आणि आठ-अ एकमेकांशी जुळेनासे झाले की काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. प्रोग्रामरला सांगावं लागतं, आणि या पुस्तकातली निम्मी पानं त्यातच गेली आहेत.

शब्दांची एक अडचण आधीच उरकून घेतो. ज्या डेटाबेसबद्दल हे पुस्तक आहे त्याला सगळे 'की-व्हॅल्यू' म्हणतात. पण मराठीत 'की' लिहिली की वाचणारा अडखळतोच, हे याच वाक्यात दिसलं असेल. म्हणून इथून पुढं मी 'किल्ली' म्हणणार आहे. मुंबईकरांनी मनात 'चावी' वाचावं. व्हॅल्यूला मात्र 'मूल्य' म्हणवत नाही, ती व्हॅल्यूच राहू दे.

किल्ली-व्हॅल्यू डेटाबेसला येतं ते फार थोडं. या किल्लीखाली हे ठेव, या किल्लीखालचं दे, ही किल्ली काढून टाक. एवढंच येणारेही पुष्कळ आहेत. जरा बऱ्यापैकी असेल त्याला चौथी गोष्ट येते: या किल्लीपासून त्या किल्लीपर्यंत जे काही आहे ते क्रमानं दे. बाकी त्याला तुमच्या माहितीतलं काही कळत नाही. व्हॅल्यूमध्ये नाव आहे, रक्कम आहे की फोटो, त्याला ते सारखंच. याउलट रिलेशनल डेटाबेसला आपण विचारतो: गेल्या महिन्यात पुण्याहून सुटलेल्या बसफेऱ्यांत ज्यांनी दोनदा तिकीट रद्द केलं, अशा प्रवाशांची यादी शहरवार द्या. असा प्रश्न, ज्यात गाळणं आहे, जोडणं आहे, मोजणं आहे, तो त्या तीन-चार हुकमांवर कसा चालवायचा, हा पुस्तकाचा विषय.

बहुतेकांची समजूत अशी असते, की हे दोन परस्परविरुद्ध पंथ आहेत आणि आपण एकाची दीक्षा घ्यायची. माझं म्हणणं वेगळं आहे. रिलेशनल डेटाबेसच्या उतरंडीत सगळ्यात खालचं मडकं बहुधा किल्ली-व्हॅल्यूचंच असतं. कोणी तरी वर दुसरी मडकी रचलेली असतात, म्हणून ते दिसत नाही. वरची मडकी उतरवली तर त्यांचं काम नाहीसं होत नाही. ते तुमच्या अंगावर येतं.

इतिहासही हेच सांगतो. साठच्या दशकातल्या आयबीएमच्या आयएमएससारख्या डेटाबेसात माहिती झाडासारखी रचलेली असे, आणि हव्या त्या नोंदीपर्यंत फांद्या धरत प्रोग्रामरनंच पोचायचं. चार्ल्स बाखमन यांना १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी आपल्या भाषणात प्रोग्रामरला दर्यावर्दी, वाट काढणारा म्हटलं, आणि ते कौतुकानं म्हटलं होतं. एडगर कॉड यांना त्यात कौतुक वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतून १९७० साली त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला त्याचा गाभा असा, की काय हवं ते माणसानं सांगावं, कुठून कसं आणायचं ते यंत्रानं ठरवावं. पुढं १९७४ साली ॲन आर्बरला दोन्ही पक्षांचा जाहीर वादही झाला. निकाल बाजारानं दिला, आणि तो कॉड यांच्या बाजूनं लागला.

पण कॉड यांची कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या सिस्टिम आर या प्रकल्पाची बांधणी पाहण्यासारखी आहे. तिचे दोन थर होते. वरचा थर प्रश्न समजून घेई आणि वाट आखे. खालचा फक्त साठवण सांभाळे आणि सांगितलेल्या क्रमानं एकेक ओळ वर देई. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडलेली वाट निवडण्याची पद्धत या वरच्या थराची: कोणता इंडेक्स धरला तर किती खर्च, आधी कोणतं टेबल, मग कोणतं. आजही प्रत्येक क्वेरी प्लॅनरमध्ये तिचं रक्त आहे. गंमत म्हणजे त्याच १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर केन थॉम्पसन यांची 'डीबीएम' ही छोटीशी लायब्ररी बाहेर पडली: किल्ली द्या, व्हॅल्यू घ्या. वरच्या मडक्याचं शास्त्र आणि खालच्या मडक्याचा सर्वांत साधा नमुना एकाच वर्षी जगापुढं आले आणि एकमेकांकडं न बघता निघून गेले.

त्यांची गाठ पुढं पडत राहिली. डीबीएमच्या वंशातल्या बर्कली डीबीवर मायएसक्यूएलनं काही काळ आपली टेबलं ठेवून पाहिली. रिचर्ड हिप यांचं एसक्यूलाइट २००० साली आलं तेव्हा त्याच्या खाली जीडीबीएम होतं, म्हणजे चक्क किल्ली-व्हॅल्यू भांडार. पुढच्याच वर्षी त्यांनी ते काढून स्वतःचं बी-ट्री बसवलं आणि ट्रान्झॅक्शन आणले. आजच्या एसक्यूलाइटचं पोट उघडून पाहा. साधं टेबल म्हणजे ओळ-क्रमांकाच्या किल्लीवर लावलेलं एक झाड. इंडेक्स म्हणजे दुसरं झाड, ज्याच्या किल्लीत कॉलम आणि ओळ-क्रमांक दोन्ही आहेत आणि व्हॅल्यूच्या जागी काहीच नाही. ही रिकामी व्हॅल्यू पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती चूक वाटली होती. इंडेक्समध्ये सगळी माहिती किल्लीतच असते आणि क्रम हेच उत्तर असतं, हे पटायला वेळ लागतो.

मग गूगलचं बिगटेबल २००६ साली आणि ॲमेझॉनचा डायनॅमो निबंध २००७ साली आला. एका यंत्रात मावेना एवढी माहिती शेकडो यंत्रांवर पसरायची होती आणि त्यासाठी जॉइनवर पाणी सोडायची त्यांची तयारी होती. २००९ साली 'नोएसक्यूएल' हा शब्द सभांमधून गाजू लागला, त्याच वर्षी रेडिसही आलं, आणि काही वर्षं एसक्यूएल लिहिणारा माणूस मागासलेला ठरू लागला. ॲमेझॉननं आपल्याच वापराचा हिशेब मांडला होता: सुमारे ७० टक्के कामं एका किल्लीनं एकच ओळ मागणारी आणि आणखी सुमारे २० टक्के एकाच टेबलातल्या अनेक ओळी मागणारी. निष्कर्ष वाजवी होता. पण ऐकणाऱ्यांनी ७० लक्षात ठेवले आणि उरलेल्या ३० टक्क्यांचं ओझं ज्यानं त्यानं आपल्या कोडमध्ये वाहिलं.

ते ओझं मीही वाहिलं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका खासगी बस-आरक्षण सेवेचं काम आम्ही तिघं करत होतो. खाली किल्ली-व्हॅल्यू भांडार होतं. तिकीट 'तिकीट/<क्रमांक>' या किल्लीखाली जाई. प्रवाशाच्या मोबाइलवरून तिकीट शोधता यावं म्हणून मी दुसरी किल्ली लिहीत असे, 'मोबाइल/<नंबर>/<तिकीट क्रमांक>', व्हॅल्यू रिकामी. दोन लेखन, एकामागून एक, मध्ये काही बांधलेलं नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सर्व्हर दोन लेखनांच्या बरोबर मध्ये कोसळला. रात्री अकराला एक गृहस्थ सामान आणि दोन मुलं घेऊन नागपूरच्या बसपाशी उभे होते आणि वाहकाच्या हातातलं यंत्र मोबाइल नंबरवर 'तिकीट नाही' म्हणत होतं. तिकीट होतं. पैसे कापले होते. त्यांच्या जागा भरलेल्या दिसत होत्या, म्हणून दुसऱ्या कोणाला मिळतही नव्हत्या. बस तीन जागा रिकाम्या घेऊन गेली. कोड माझा होता.

त्यानंतर रोज रात्री तिकिटं आणि मोबाइल-किल्ल्या ताडून बघणारी एक स्क्रिप्ट आम्ही चालवू लागलो. शिवाय क्रम उलटा केला, आधी इंडेक्सची किल्ली आणि मग तिकीट. कारण साधं आहे. इंडेक्समध्ये नोंद असून मूळ ओळ नसेल तर वाचताना ते कळतं आणि ती नोंद सोडून देता येते. ओळ असून इंडेक्समध्ये नोंद नसेल तर काहीही कळत नाही. काढून टाकताना बरोबर याच्या उलट, आधी ओळ आणि मग इंडेक्स. अनेक किल्ल्यांवरचे ट्रान्झॅक्शन देणारं भांडार हाती असेल तर ही कसरत लागत नाही, आणि असं भांडार मिळत असताना दुसरं घेऊ नये, हे मी आज ठामपणे सांगेन.

किल्ल्यांच्या क्रमावर सगळं उभं आहे, तर तो क्रम म्हणजे काय हे जवळून पाहिलं पाहिजे. भांडार किल्ल्या बाइटांच्या क्रमानं लावतं. त्याच्या लेखी 'फेरी/१०' ही 'फेरी/९' च्या आधी येते. म्हणून '०००९' आणि '००१०' लिहायचं, किंवा संख्या ठराविक लांबीच्या बाइटांत, मोठा बाइट आधी ठेवून, लिहायची. ऋण संख्या असतील तर चिन्हाचा बिट उलटवायचा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. विभागणीचं चिन्ह नावातच आलं तर काय, याची सोय आधी करायची. हे सगळं किरकोळ वाटतं आणि याच जागी माणसं महिने घालवतात.

आपल्याला आणखी एक खास अडचण आहे. यूटीएफ-८ मध्ये बाइटांचा क्रम तोच युनिकोडमधला अक्षरांचा क्रम, आणि तिथं 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर. त्यामुळे भांडार काळ्यांना कावळ्यांच्या आधी बसवतं, आणि मराठी कोश उघडणारा उलट शोधतो. क्ष आणि ज्ञ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षरं नाहीत, जोडाक्षरं आहेत. म्हणून 'क्षमा' ही 'कौसल्या'नंतर आणि 'खंडू'च्या आधी निघते, आणि वर्णमाला पाठ असलेला माणूस तिला 'हेमा'च्या पुढं शोधत राहतो. उपाय आहे: नाव जसंच्या तसं किल्लीत न घालता मराठी क्रमाचे नियम लावून तयार केलेले क्रमबाइट किल्लीत घालायचे आणि मूळ नाव व्हॅल्यूत ठेवायचं. आयसीयू ही लायब्ररी असे बाइट करून देते. इंग्रजी पुस्तकांत हे प्रकरण बहुधा नसतं.

किल्ली-व्हॅल्यूवर रिलेशनल प्रश्न चालवण्याकडं आज तीन रीतींनी पाहिलं जातं. पहिली रीत हातानं करायची: इंडेक्स आपणच लिहायचे, जॉइन आपणच फिरवायचे. रेडिसवर काम करणारे बरेच जण हेच करतात. तिथल्या क्रमवार संचांनी पुष्कळ भागतं. यात नेहमीची चूक एकच. दोनशे तिकिटं आणली आणि प्रत्येकाचा प्रवासी वेगळा मागितला, की नेटवर्कवर दोनशे फेऱ्या होतात. एका फेरीला १ मिलिसेकंद धरला तरी २०० मिलिसेकंद नुसते येण्याजाण्यात. दोनशे किल्ल्या एकदम मागा. आणि दोन्ही याद्या एकाच क्रमानं लावलेल्या असतील तर मागायचीही गरज नाही, दोन्हीवर एकेक बोट ठेवून बरोबर पुढं सरका.

दुसरी रीत डायनॅमोडीबीवाल्यांची. ही सेवा २०१२ साली आली. तिच्यात किल्लीचे दोन भाग: पहिला भाग माहिती कोणत्या विभागात जाणार ते ठरवतो, दुसरा त्या विभागातला क्रम. या मंडळींनी जी कला विकसित केली तिला 'एकच टेबल' म्हणतात. प्रवासी, त्याची तिकिटं, त्याच्या तक्रारी, सगळं एकाच टेबलात, एकाच विभाग-किल्लीखाली शेजारीशेजारी. मग जॉइन लागतच नाही, एक सलग तुकडा वाचला की झालं. याची किंमत अशी, की सगळे प्रश्न आधी माहीत हवेत. मार्चअखेरीस हिशेबनीस उठून नवाच प्रश्न विचारतो, तेव्हा त्या सुबक रचनेला उत्तर सुचत नाही. नवा सर्वव्यापी इंडेक्स जोडता येतो, पण तो मूळ टेबलाच्या किंचित मागून चालतो. माझ्या बसच्या गोष्टीतली फट तिथं अगदी थोड्या वेळासाठी का होईना, असतेच. या रीतीबद्दल मला आदर आहे, भक्ती नाही.

तिसऱ्या रीतीवर मी जास्त पानं खर्च केली आहेत, कारण तिच्यात सगळ्या उतरंडीचं दर्शन होतं. किल्ली-व्हॅल्यू भांडार खाली ठेवायचं आणि त्यावर पूर्ण एसक्यूएलचा थर बांधायचा. टीआयडीबीमध्ये ओळीची किल्ली म्हणजे 'टी' हे अक्षर, टेबलाचा क्रमांक, मग 'आर' आणि ओळीचा क्रमांक. इंडेक्सची किल्ली तशीच, फक्त 'आर'च्या जागी 'आय', इंडेक्सचा क्रमांक आणि त्यातल्या कॉलमांच्या व्हॅल्यू. एवढ्यावर संपूर्ण रिलेशनल डेटाबेस उभा आहे. कॉक्रोचडीबीची बांधणी याच जातीची. फाउंडेशनडीबीनं तर सुरुवातीपासूनच म्हटलं, की आम्ही क्रमवार किल्ल्या आणि चोख ट्रान्झॅक्शन देतो, बाकी थर तुम्ही बांधा. ॲपलनं २०१५ साली ती कंपनी घेतली आणि २०१८ साली तिचा कोड सर्वांना खुला केला. आणि ज्या गूगलनं बिगटेबल आणून ही लाट सुरू केली, त्याच गूगलच्या स्पॅनरवरचा २०१७ सालचा निबंध एसक्यूएल व्यवस्था होण्याच्या प्रवासावर आहे. वर्तुळ पुरं व्हायला अकरा वर्षं लागली.

हे आज का वाचायचं? एक तर हे खालचं मडकं आता सगळ्यांच्या खिशात आहे. ब्राउझरमध्ये एसक्यूएल देण्याचा प्रयत्न २०१० साली सोडून देण्यात आला आणि इंडेक्स्डडीबी उरलं. त्यात किल्ल्या आहेत, इंडेक्स आहेत, जॉइन नाही. नेट नसतानाही चालणारं वेब-ॲप लिहिणारा आपला प्रत्येक विद्यार्थी तिथं येऊन अडतो. क्रोममध्ये हे इंडेक्स्डडीबी लेव्हलडीबी या किल्ली-व्हॅल्यू भांडारावर उभं आहे. फायरफॉक्समध्ये ते एसक्यूलाइटवर, आणि एसक्यूलाइट पुन्हा किल्ल्यांच्या झाडांवर. मडक्यावर मडकं. दुसरं कारण पैशाचं. क्लाउडमध्ये प्रत्येक वाचनाचं बिल येतं. चुकीच्या क्रमानं लावलेली माहिती पूर्वी नुसती हळू चालायची, आता ती महिनाअखेरीला आकडा दाखवते.

विषयावर पुस्तक लिहूनही एक गोष्ट सांगणं भाग आहे. तुमची माहिती एका बऱ्यापैकी सर्व्हरवर मावत असेल, आणि बहुतेकांची मावते, तर सरळ पोस्टग्रेस घ्या आणि हे पुस्तक आनंदासाठी वाचा. ज्यांना ही निवड उरलेली नाही, ज्यांच्या हाती आधीच कोणी तरी किल्ली-व्हॅल्यू भांडार दिलेलं आहे, किंवा ज्यांना आपल्या एसक्यूएलच्या खाली काय घडतं ते एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे, त्यांच्यासाठी हा खटाटोप आहे.

पुस्तकात कोणत्याही एका उत्पादनाचं गाइड नाही. एका काल्पनिक वाचनालयाची माहिती घेऊन आपण ती रिकाम्या भांडारात लावायला सुरुवात करतो: सभासद, पुस्तकं, देवघेव, दंड. प्रश्न वाढत जातात तसे इंडेक्स येतात, मग जॉइन, मग बेरजा आणि मोजण्या, मग चालू वाचनालय बंद न करता रचना बदलणं. अगदी शेवटी एक छोटा क्वेरी प्लॅनर हातानं बांधला आहे. तो गबाळा आहे, पण चालतो. वितरित ट्रान्झॅक्शनच्या सिद्धतांना मी हात लावलेला नाही. त्यासाठी वेगळं पुस्तक हवं आणि वेगळा लेखक. शोध-इंजिनं आणि विश्लेषणाच्या कोठारांकडं माहिती वळवण्याच्या पद्धतींनाही ओझरताच स्पर्श केला आहे.

तिसऱ्या प्रकरणापाशी थोडं थांबा. आपल्या स्वतःच्या कामात माहितीला रोज विचारले जाणारे दहा प्रश्न एका कागदावर लिहून काढा, आणि त्याखाली वर्षातून एकदाच विचारले जाणारे दोन. पुढची प्रकरणं तो कागद शेजारी ठेवून वाचावीत, ही विनंती.